‘नाही’, ‘दिसला नाही’ आणि ‘बघता आला नाही’: रेडिओलॉजीचे रिपोर्ट टेम्प्लेटवर कसे लिहावेत

धडगावचा रुग्ण शहाद्याला डॉक्टरांना दाखवतो, नंदुरबारला सोनोग्राफी करतो आणि ऑपरेशनसाठी सुरत गाठतो. रावेर-यावलकडचा माणूस जळगावात सीटी काढून कधी नाशिकला, कधी इंदूरला जातो. तिथला सर्जन रिपोर्ट लिहिणाऱ्याला ओळखत नसतो आणि फोन करून विचारेल असंही नसतं. त्याच्या हातात फक्त कागद असतो. खान्देशातला रिपोर्ट असा गावोगाव फिरतो, म्हणून तो ठरलेल्या साच्यात, ठरलेल्या क्रमाने आणि काही न गाळता लिहिलेला असणं इथे जास्तच गरजेचं आहे.

हा लेख नुकतेच रिपोर्टिंगला बसलेल्या रेसिडेंटसाठी, तालुक्याच्या गावी नवं सेंटर सुरू करणाऱ्यांसाठी आणि तितकाच टायपिस्टसाठी आहे. आपले रिपोर्ट इंग्रजीत जातात. इथे ओळी मराठीत दिल्या आहेत, त्या तुमच्या सेंटरच्या नेहमीच्या इंग्रजीत उतरवून घ्या.

सुरुवात कुठून करायची

चाळीस टेम्प्लेट एकदम करायला बसू नका. मागच्या महिन्याचं रजिस्टर उघडा आणि कोणत्या तपासण्या सर्वांत जास्त झाल्या ते मोजा. बहुतेक ठिकाणी पोटाची सोनोग्राफी, केयूबी (किडनी, मूत्राशय आणि त्यांना जोडणारी नळी, म्हणजे युरेटर), गरोदरपणाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि डोक्याचा सीटी हीच नावं वर येतील. त्यातली पहिली तीन घ्या, महिनाभर वापरा, मगच पुढची करा.

कोऱ्या कागदापासून सुरुवात करायचीही गरज नाही. आरएसएनए या उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संस्थेच्या ‘रॅडरिपोर्ट’ संग्रहात टेम्प्लेट मोफत मिळतात. ती सांगाडा म्हणून घ्यावीत, पण आपल्याकडचे रुग्ण, आपलं मशीन आणि आपला कायदा बघून कापावीत. कायद्याचा मुद्दा पुढे गरोदरपणाच्या भागात येतो, तो चुकवू नका.

प्रत्येक रिपोर्टचे सहा भाग असतात: तपासणीचं नाव, तपासणीचं कारण, पद्धत, जुन्या तपासणीशी तुलना, निरीक्षणं आणि निष्कर्ष. निरीक्षणांवर सगळे मेहनत घेतात. चुका मात्र बहुधा कारण, पद्धत आणि तुलना या तीन दुर्लक्षित भागांत होतात.

चिठ्ठीवर नुसतं ‘यूएसजी अ‍ॅब्डोमेन’ लिहून आलेलं असतं, त्यामुळे ‘कारण’ कोरं राहतं. रुग्ण टेबलावर झोपला की विचारा. अहिराणी बोलणाऱ्या आजीला ‘कोठे दुखस?’ असं विचारलं तर ती दोन वाक्यं जास्त सांगते. डावं-उजवं शब्दांत विचारू नका, दुखतं तिथे हात ठेवायला सांगा आणि तुम्ही स्वतः बाजू लिहा. दुखणं किती दिवसांचं, ताप आहे का, आधी कोणतं ऑपरेशन झालं, ही तीन उत्तरं टेम्प्लेटमध्ये वेगळ्या ओळी करून मागा.

‘तुलना’ या ओळीसाठी पिशवी मागायची. खेड्यावरून आलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाबरोबर जुन्या फिल्म आणि कागदांची पिशवी असते, पण ती बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाकडे असते. रिसेप्शनवरच पिशवी उघडून मागची सोनोग्राफी वर काढून ठेवायची सवय लावली की दोन मिनिटांचं काम. काहीच नसेल तर ‘जुनी तपासणी उपलब्ध नाही’ असं लिहा. ओळ कोरी सोडली तर वाचणाऱ्याला कळत नाही की जुनं नव्हतं की कोणी पाहिलंच नाही.

आणि ‘पद्धत’. सीटीच्या टेम्प्लेटमध्ये ‘शिरेतून कॉन्ट्रास्ट (अवयव ठळक दिसावेत म्हणून दिलं जाणारं औषध) देऊन तपासणी केली’ हे वाक्य कायमचं छापून ठेवलेलं असतं. मग क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं म्हणून ज्याला कॉन्ट्रास्ट दिलंच नाही, त्याच्याही रिपोर्टात ते येतं. पुढचा डॉक्टर समजतो की कॉन्ट्रास्ट देऊनही लिव्हरमध्ये गाठ दिसली नाही. कॉन्ट्रास्ट दिलं की नाही, कोणतं, किती मिली, ही जागा रोज हाताने भरायची.

तीन उत्तरांची जागा

टेम्प्लेट करताना सगळ्यात जास्त विचार इथे करा. प्रत्येक अवयवासाठी आपण सहसा दोनच उत्तरं धरतो: नॉर्मल किंवा बिघाड. तिसरं उत्तर आपण लिहीत नाही, कारण टेम्प्लेटमध्ये त्याला जागाच ठेवलेली नसते.

स्वादुपिंडाचं शेपूट गॅसमुळे दिसत नाही. मूत्राशय रिकामं असलं की युरेटरचं खालचं टोक दिसत नाही. जाड रुग्णात अपेंडिक्स सापडत नाही. हे सगळं रोजचं आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण टेम्प्लेटमध्ये ‘पॅन्क्रियाज नॉर्मल’ हे वाक्य आधीच बसलेलं असलं तर ते तसंच छापून जातं, आणि न पाहिलेला अवयव कागदावर निरोगी होतो.

म्हणून प्रत्येक ओळीला तीन पर्याय द्या. खडा ‘नाही’ म्हणजे जागा पूर्ण पाहिली आणि नाही. खडा ‘दिसला नाही’ म्हणजे पाहिलं, पण या तपासणीत छोटा खडा निसटू शकतो. ‘बघता आलं नाही’ म्हणजे ती जागा दिसलीच नाही, आणि कारणही लिहायचं: गॅस, रिकामं मूत्राशय, जखमेवरची पट्टी, रुग्ण श्वास रोखू शकला नाही. या तिसऱ्या उत्तरावरूनच पुढचा डॉक्टर ठरवतो की पाणी पाजून पुन्हा बघायचं की थेट सीटी करायचा.

काय आधी भरून ठेवायचं नाही

जुन्या माणसांचं काम नॉर्मल वाक्यं भरलेल्या टेम्प्लेटवर भराभर होतं, हे खरं. नव्याने बसणाऱ्यांनी मात्र पहिले काही महिने तरी कोरं टेम्प्लेटच वापरावं. आधी लिहिलेलं वाक्य डोळ्यांना तपासून झाल्यासारखं वाटतं आणि बोट पुढच्या ओळीवर जातं. पुढेही काही जागा कधीच भरून ठेवू नयेत.

पहिली, मापं. टेम्प्लेटमध्ये किडनीची लांबी ९८ मिमी असा नमुना ठेवला की आठवड्याभरात अनेकांच्या किडन्या ९८ मिमीच्या होतात. दुसरी, काढून टाकता येणारे अवयव: पित्ताशय, गर्भाशय, प्लीहा, अंडाशय, अपेंडिक्स. ज्या बाईचं गर्भाशय काढलेलं आहे तिच्या रिपोर्टात ‘गर्भाशय नॉर्मल आकाराचं’ असं गेलं तर पुढच्या डॉक्टरचा सगळ्याच कागदावरचा विश्वास उडतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. पोटाच्या सोनोग्राफीची पुरुष आणि स्त्री अशी दोन वेगळी टेम्प्लेट ठेवा. एकच ठेवून नको त्या ओळी खोडायचं ठरवलं की एक दिवस पुरुषाच्या रिपोर्टात अंडाशय उमटतातच. तिसरी जागा निष्कर्षाची. तिथे ‘विशेष बिघाड नाही’ असं ठेवलं तर वर १२ मिमीचा खडा आणि खाली ‘बिघाड नाही’ असा रिपोर्ट कधीतरी निघतो, आणि गडबडीतला डॉक्टर खालचीच ओळ वाचतो.

प्लीहेबद्दल आपल्या भागात थोडं जास्त जपावं. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात प्लीहा वारंवार होणाऱ्या इन्फार्क्टमुळे (रक्तपुरवठा तुटून भाग मरण्यामुळे) आक्रसून इवलीशी होऊ शकते. भारतात दिसणाऱ्या प्रकारात ती मोठेपणीही वाढलेली राहू शकते. दोन्ही शक्य असल्यामुळे ‘प्लीहा नॉर्मल’ हे तयार वाक्य धोक्याचं आहे. लांबी मोजून लिहा. प्रौढात १२ सेंमीच्या पुढे गेली तर वाढलेली म्हणा. सापडलीच नाही तर ‘प्लीहा दिसली नाही’ असं लिहून ऑपरेशनचा व्रण आहे का ते बघा. व्रण नसेल आणि रुग्ण अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातला असेल, तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न निष्कर्षात यायला हवा. अशा रुग्णात पित्ताशयातले खडेही लहान वयात सापडतात, आणि कंबर-मांडी दुखत असेल तर फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी लागते.

मुतखड्याचं टेम्प्लेट, ओळ न ओळ

मार्च संपला की केयूबी सोनोग्राफीची रांग वाढते. चाळीस-पंचेचाळीस अंशांत शेतात किंवा भट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते, खडे धरतात. त्यामुळे हे टेम्प्लेट आधी नीट बसवा. भरायच्या प्रत्येक जागी @@ ही खूण आहे. कॉर्टेक्स म्हणजे किडनीचा बाहेरचा थर, जेट म्हणजे युरेटरमधून मूत्राशयात येणारी लघवीची धार आणि स्टेंट म्हणजे युरेटरमध्ये घातलेली नळी.

तपासणी: केयूबी सोनोग्राफी
कारण: दुखण्याची बाजू @@, किती दिवस @@, ताप @@, आधीचा खडा, ऑपरेशन किंवा स्टेंट @@
पद्धत: @@
तुलना: मागची तपासणी @@, तारीख @@, प्रकार @@
उजवी किडनी: लांबी @@ मिमी, कॉर्टेक्स @@, सूज @@
उजवीकडचे खडे: संख्या @@, सर्वांत मोठा @@ मिमी, नेमकी जागा @@
उजवा युरेटर: वरचा भाग @@, खालचं टोक @@
डावी किडनी, डावीकडचे खडे, डावा युरेटर: याच क्रमाने, पूर्ण ओळी लिहून
मूत्राशय: भरलेलं किंवा रिकामं @@, भिंत @@, आत खडा @@, दोन्ही बाजूंचे जेट @@
लघवीनंतर उरलेलं मूत्र: @@ मिली
प्रोस्टेट (फक्त पुरुषांच्या टेम्प्लेटमध्ये): @@ सीसी
स्टेंट: @@
निष्कर्ष: @@

डावीसाठी ‘उजवीप्रमाणेच’ लिहायचं नाही. बाजूची अदलाबदल अशाच ओळींमधून होते.

खड्याची जागा ‘किडनीत’ एवढी पुरत नाही. वरचा, मधला की खालचा कॅलिक्स (किडनीतला लघवी गोळा होणारा कप्पा), पेल्व्हिस (हे कप्पे जिथे एकत्र येतात ती जागा), पीयूजे (पेल्व्हिस आणि युरेटरचा सांधा), युरेटरचा वरचा भाग, खालचा भाग की व्हीयूजे (युरेटर आणि मूत्राशयाचा सांधा), हे पर्याय यादीतच द्या. खालच्या कॅलिक्समधला खडा लहरींनी फोडला तरी तुकडे उतरायला अडतात, युरेटरमधला ५ मिमीपर्यंतचा बहुधा आपोआप पडतो आणि १० मिमीच्या पुढचा सहसा पडत नाही. यूरोलॉजिस्टचा निर्णय मुख्यतः जागा आणि मिमी या दोन गोष्टींवर ठरतो. केयूबीचा सीटी केला असेल तर खड्याची घनता, म्हणजे हाउन्सफील्ड आकडा, हीही एक ओळ ठेवा. तो १००० च्या वर असला की लहरींनी फोडणं अवघड जातं.

इथे एक फसगत नेहमी होते. सोनोग्राफीत छोटा खडा खऱ्यापेक्षा मोठा मोजला जातो. चार महिन्यांपूर्वी सोनोग्राफीत ७ मिमी होता आणि आज सीटीत ५ मिमी आहे, म्हणून ‘खडा लहान झाला’ असं लिहू नका. वरच्या टेम्प्लेटमध्ये तुलनेच्या ओळीत तपासणीचा प्रकार मागितला आहे तो एवढ्याचसाठी.

आणखी एक, ज्याचा रुग्णांना फार त्रास होतो: २-३ मिमीचं ‘कॉन्क्रीशन’, म्हणजे खड्याचा बारीक कण. किडनीतला प्रत्येक पांढरा ठिपका खडा नसतो; चरबी आणि रक्तवाहिनीची भिंतही तशीच चमकते. मागे सावली नाही, कलर डॉप्लरवर लुकलुक नाही आणि दुसऱ्या प्रतलात ठिपका सापडत नाही, तर तो लिहू नका. एकदा ‘खडा’ लिहिला की तो माणूस वर्षानुवर्षं औषधं आणि काढे घेत राहतो.

मूत्राशय तुडुंब भरलेलं असलं की दोन्ही किडन्यांत थोडी सूज दिसू शकते. लघवी करून आल्यावर पुन्हा बघा आणि मगच ‘सूज’ लिहा. गरोदर बाईच्या उजव्या किडनीतली किंचित सूज बहुधा गरोदरपणाचीच असते.

स्टेंटची ओळ कोणी कोणी कापतात. कापू नका. स्टेंट घालून गावी परत गेलेला आणि दुखणं थांबलं म्हणून काढायलाच न गेलेला रुग्ण दुर्मिळ नाही. महिनोन्महिने आत राहिलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि मग तो काढणंच अवघड होतं. स्टेंट दिसला की कधी घातला ते विचारा आणि निष्कर्षात लिहा.

ताप, आणि त्याच बाजूला खड्याने अडून फुगलेली किडनी, असं एकत्र आलं तर रिपोर्ट छापायची वाट न बघता पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा.

गरोदरपणाची सोनोग्राफी

परदेशी टेम्प्लेट उतरवून घेताना बाळाच्या बाह्य जननेंद्रियांची ओळ असेल तर ती पहिल्यांदा काढून टाका. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. रिपोर्टात, फाइलच्या नावात, टायपिस्टला सांगताना, कुठेही लिंगाचा उल्लेख येता कामा नये. मुलींचं प्रमाण घसरलेलं आपल्या भागाने पाहिलं आहे, त्यामुळे हा नियम मनापासून पाळायचा आहे.

फॉर्म एफ हा याच कायद्याखालचा नोंदीचा फॉर्म रिपोर्टपेक्षा वेगळा असतो. तो तपासणीच्या वेळीच पूर्ण भरायचा, गरोदर बाईची सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि नोंदी किमान दोन वर्षं जपायच्या. मागच्या महिन्याचा अहवाल ५ तारखेपर्यंत सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायचा. नोंदीतली त्रुटीदेखील कायद्याचा भंग धरली जाते, तसं नाही हे सिद्ध करणं डॉक्टरवर येतं. म्हणून रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये वर ‘फॉर्म एफ क्रमांक @@’ अशी ओळ ठेवा. ती भरल्याशिवाय रिपोर्ट छापायचा नाही.

वैद्यकीय बाजूने सर्वांत जास्त गोंधळ प्रसूतीच्या तारखेचा होतो. मशीन दर वेळी त्या दिवशीच्या मापांवरून नवी तारीख काढतं आणि टेम्प्लेट ती उचलून छापतं. घरच्यांच्या हातात तीन कागद आणि तीन तारखा येतात. त्याहून वाईट हे की ३४ आठवड्यांचं बाळ वाढ खुंटून ३१ आठवड्यांच्या मापाचं असेल, तर मशीन तारीखच तीन आठवडे पुढे ढकलतं आणि कागदावर बाळ अगदी वेळेवर वाढतंय असं दिसतं.

त्यामुळे दोन वेगळ्या ओळी करा. एक, ‘ठरलेली तारीख @@, कशावरून ठरली @@’. ती पहिल्या तिमाहीतल्या तपासणीनंतर पक्की होते आणि पुढे बदलत नाही. ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सीआरएलवरून (बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून) काढलेलं वय पाळीवरून काढलेल्या वयापेक्षा ७ दिवसांहून जास्त वेगळं असेल तर सीआरएल धरतात. दुसरी ओळ, ‘आजच्या मापांवरून वय @@’. पुढच्या प्रत्येक तपासणीत आजची मापं ठरलेल्या तारखेशी ताडून बघायची. बाळाच्या वजनाच्या ओळीत कोणतं सूत्र वापरलं तेही लिहा, बहुतेक मशीनमध्ये हॅडलॉकचं असतं. या अंदाजात १०-१५ टक्क्यांचा फरक पडतो, हे नातेवाइकांनाही समजावून सांगा.

वारेच्या ओळीत ‘खाली आहे’ एवढं चालत नाही. वारेची कड आणि गर्भाशयमुखाचं आतलं तोंड यांतलं अंतर मिमीत द्या. ते २० मिमीपेक्षा कमी असेल तर ‘लो-लाइंग’, तोंड झाकलं असेल तर ‘प्रीव्हिया’. मोलगीसारख्या दूरच्या गावी परतणाऱ्या बाईची प्रसूती कुठे करायची, हे याच आकड्यावर ठरतं.

डोक्याचा सीटी

मुंबई-आग्रा रस्त्यावरचा किंवा धुळे-जळगाव रस्त्यावरचा अपघात आला की वेळ नसतो, म्हणून हे टेम्प्लेट छोटं ठेवा. रक्तस्राव आहे का, कुठे, जाडी किती मिमी, मध्यरेषा किती मिमी सरकली, बेसल सिस्टर्न (मेंदूच्या तळाशी असलेल्या द्रवाच्या पोकळ्या) उघडे की दबलेले, हाड मोडलंय का. रक्ताचं प्रमाण काढायला लांबी, रुंदी आणि उंची सेंमीत गुणा आणि २ ने भागा. ५ गुणिले ३ गुणिले ४ भागिले २, म्हणजे ३० मिली. कवटी आणि ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) यांच्यामधल्या रक्तस्रावात ३० मिलीच्या वर गेलं की रुग्ण शुद्धीत असला तरी ऑपरेशन सुचवलं जातं. ड्युराखालच्या रक्तस्रावात जाडी १० मिमीच्या वर किंवा मध्यरेषा ५ मिमीपेक्षा जास्त सरकलेली असली तर तसंच. हे आकडे लिहिल्याशिवाय ‘मोठा हेमॅटोमा’ या शब्दाला काही अर्थ नाही.

टेम्प्लेटच्या तळाशी ‘कोणाला कळवलं @@, किती वाजता @@’ ही ओळ ठेवा. खरोखर फोन झाल्यावरच ती भरायची.

आकडा लिहिला की मोजपट्टीही लिहा

२०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत ‘सीटी स्कोर किती?’ हाच प्रश्न होता. काही ठिकाणी फुप्फुसाच्या पाच लोबना प्रत्येकी ५ असे २५ पैकी गुण देत, तर काही ठिकाणी २० भागांना प्रत्येकी २ असे ४० पैकी. २५ पैकी १८ म्हणजे ७२ टक्के, ४० पैकी १८ म्हणजे ४५ टक्के. कागदावर मात्र नुसतं ‘१८’ असायचं. बेड शोधत फिरणाऱ्या घरच्यांच्या दृष्टीने हा फरक केवढा होता, ते सांगायला नको.

स्तनासाठी बायरॅड्स, थायरॉइडसाठी टायरॅड्स, प्रोस्टेटसाठी पायरॅड्स या श्रेणी देण्याच्या पद्धतींचंही तसंच. श्रेणीबरोबर तिचा अर्थ आणि पुढे काय करायचं तेही शब्दांत लिहा. बायरॅड्स ० म्हणजे ‘काही नाही’ असं वाचलं जातं, खरं तर त्याचा अर्थ ‘अजून तपासणी हवी’ असा आहे. थायरॉइडच्या गाठीत एसीआर या अमेरिकन रेडिओलॉजी संस्थेच्या टायरॅड्सप्रमाणे सुईने तपासणी श्रेणी ३ ला २.५ सेंमीपासून, ४ ला १.५ पासून आणि ५ ला १ सेंमीपासून सुचवतात. हे आकडे टेम्प्लेटच्या तळटीपेत टाकून ठेवा. आणि ज्या गाठीला गुण देण्याइतकी चित्रं घेतली नाहीत, तिला श्रेणी देऊ नका.

कॉम्प्युटरवर बसवताना

महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी अडत नाही, वर्डमध्येच नीट बसवता येतं. सगळ्यात घातक सवय म्हणजे कालच्या रुग्णाची फाइल उघडून नाव बदलणं. नाव बदलतं, वय राहतं. वय बदललं तर जुन्या रुग्णाचा एखादा खडा आत राहतो. ते बंद करायचं असेल तर फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’, म्हणजे डॉटएक्स (.dotx) निवडा. अशा फाइलवर डबल क्लिक केलं की दर वेळी नवी कोरी प्रत उघडते आणि मूळ साचा सुरक्षित राहतो. साच्यातच दुरुस्ती करायची असेल तर उजवं क्लिक करून ‘ओपन’ निवडावं लागतं.

बाजू, सुजेचं प्रमाण, खड्याची जागा यांसाठी ड्रॉप-डाउन यादी करा. ती ‘डेव्हलपर’ टॅबमधून करता येते; तो टॅब दिसत नसेल तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘कस्टमाइझ रिबन’मध्ये त्यावर खूण करा. यादीतलं काहीच निवडलं नाही तर ‘चूज अ‍ॅन आयटम’ हे शब्द तसेच छापले जातात, तेव्हा छापण्याआधी नजर फिरवा.

भरायच्या जागेची खूण म्हणून तीन तारे वापरू नका. वर्डमध्ये तीन तारे टाइप करून एंटर दाबलं की त्यांची ठिपक्यांची रेघ होते आणि जागा हरवते. @@ ला काही होत नाही. छापण्याआधी कंट्रोल आणि एफ दाबून @@ शोधा. एक जरी सापडलं तरी रिपोर्ट अर्धा आहे.

फाइलचं नाव तारीख आणि केस नंबरवरून ठेवा. आपल्याकडे एका दिवसात पाटील, चौधरी, महाजन किती येतात आणि नंदुरबारकडे वसावे, पाडवी, वळवी, पावरा किती, ते सगळ्यांना माहीत आहे. नाव आणि आडनाव दोन्ही सारखं असलेले रुग्ण एकाच सकाळी येतात. रिपोर्टच्या वर वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, गाव आणि केस नंबर हे चारही हवेत.

टायपिस्टला सांगताना

‘हायपो’ आणि ‘हायपर’ कानाला जवळपास सारखे लागतात. सांगताना ‘हायपो, म्हणजे काळसर’ असं जोडून म्हणा, किंवा यादीतूनच निवडू द्या. ‘नो’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला हळू उच्चारला की गळतो आणि ‘नो फ्री फ्लुइड’ (पोटात पाणी साचलेलं नाही) याचं ‘फ्री फ्लुइड’ होतं. उच्चार ओळखून टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हीच चूक होते. टेम्प्लेटमध्ये ‘फ्री फ्लुइड: @@’ असं ठेवलं तर उत्तर ‘नाही’ किंवा ‘आहे’ असं वेगळं सांगावं लागतं.

पूर्ण सेंटरमध्ये एकच एकक ठरवा. खडे, नळ्या, गाठी मिमीत, अवयवांची लांबी मिमीत किंवा सेंमीत, पण जे ठरेल ते सगळ्या टेम्प्लेटमध्ये सारखं. ‘आरटी’, ‘एलटी’ अशी आखूड रूपं नकोत. ‘उजवी’, ‘डावी’ पूर्ण लिहा.

सही करण्याआधी

रिपोर्ट वरून खाली वाचू नका. निष्कर्षापासून सुरुवात करा आणि तिथल्या प्रत्येक गोष्टीला वर आधार आहे का ते बघा. मग उलट जा: वर सापडलेली महत्त्वाची गोष्ट खाली आली आहे का? बाजू चित्रावरच्या खुणेशी जुळते का? वय, लिंग आणि अवयव जुळतात का? ‘कारण’ या ओळीत डॉक्टरने जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर निष्कर्षाच्या पहिल्या ओळीत आलं का? उजव्या कुशीत दुखतंय म्हणून पाठवलेल्या रुग्णाच्या निष्कर्षात पहिली ओळ फॅटी लिव्हरची आली तर क्रम चुकला.

सही, नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक रिपोर्ट पाहिलेल्या डॉक्टरचाच. आधीच सही करून ठेवलेले कोरे कागद टायपिस्टच्या खणात असू नयेत.

टेम्प्लेटच्या तळाशी बारीक अक्षरात आवृत्ती आणि तारीख टाका. दर तीन महिन्यांनी पाठवणाऱ्या दोन-तीन डॉक्टरांना विचारा, कोणती ओळ ते कधीच वाचत नाहीत आणि कोणती माहिती त्यांना फोन करून मागावी लागते. पहिली काढा, दुसरी घाला. नवी आवृत्ती आली की रिसेप्शन, सोनोग्राफीची खोली आणि सीटीची खोली अशा सगळ्या कॉम्प्युटरवरून जुनी फाइल पुसा. एखाद्या डेस्कटॉपवर ती राहिली तर तिथून जुनाच रिपोर्ट निघत राहतो.